एका तारेची भक्ती

काठी पडली. ठक्.

ट्रेलरचा मागचा लाल दिवा लागला.

जमलेल्या ड्रायव्हरांनी हात जोडले, मुकादमाने टोपी काढली. काठीवाल्या बुवांनी डोळे मिटले आणि मग एक किलकिला करून किती जण बघताहेत ते पाहून घेतलं.

"बारीक तारांची वायर म्हणजे चंचल मन," बुवा म्हणाले. "शंभर धागे, शंभर वाटा. गाडीला एकच तार हवी. जाड, अखंड, माझ्या हातून भारलेली. एक तार, एक भाव."

"वा," मुकादम म्हणाला.

टँकरवालीचा मात्र पाय एका जागी ठरेना. पुढे, मागे, पुन्हा पुढे. तिचा नवरा हा ट्रेलर ओढायचा, ती त्याच्यामागून पाण्याचा टँकर न्यायची. बुवांची भारलेली तार बसवून आठवडा झाला नव्हता, आणि आज सकाळी खडीच्या रस्त्यावर, धुळीत, नवऱ्याने ब्रेक दाबला.

दिवा नाही.

टँकर थांबला तेव्हा दोन गाड्यांच्या मधे मूठभर जागा उरली होती.

"तुझं लक्ष नसेल," नवरा तेव्हा म्हणाला होता.

"माझं लक्ष नसतं, तर आता हे ऐकायला तुम्ही नसता."

आता तो केबिनमध्ये ब्रेक दाबून बसला होता. टँकरवाली गर्दीतून पुढे आली.

"अहो, पाय काढा. परत दाबा."

काळं.

"बुवा, लावा दिवा. काठी न मारता."

"काठीत शक्ती आहे, बाई."

"असेल. माझ्या चपलेत किती आहे ते बघू."

जिथे काठी पडली होती तिथेच, ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या ओढदांड्यावर तिने लाथ घातली. लाल.

कुणीतरी खिदळलं. "वहिनींना सिद्धी मिळाली."

"मग तुम्हीच ठेवा माझ्यापुढे नारळ." ती ओणवी झाली. दांड्याखाली लोंबणारी वायर तिने बोटांनी चाचपत नेली. एका जागी वायर पिचल्यासारखी वाकली. वाकवली: काळं. सरळ केली: लाल. काळं. लाल.

"हात लावू नका," बुवा म्हणाले. "भाव तुटेल."

"ब्लेड द्या कुणीतरी."

वरचं प्लास्टिक धड होतं. आत जाड तांबं दोन तुकडे होऊन टोकाला टोक टेकून बसलं होतं. धक्का बसला की चिकटायचं, पुढच्या धक्क्याला सुटायचं.

"भाव नाही हो. तांबं तुटलंय."

गर्दी पुढे सरकली. टँकरवालीने उरलेल्या भारलेल्या तारेचा तुकडा घेतला आणि सगळ्यांसमोर इकडे वाकव, तिकडे वाकव असं करत राहिली. तार आधी गरम झाली, मग कट्कन तुटली. मग तिने आपल्या टँकरच्या डब्यातली बारीक तारांची वायर मुकादमाच्या हातात दिली. तो वाकवत बसला, घाम आला, वायर तशीच.

"ही जाड तार भिंतीतली," ती म्हणाली. "भिंत कुठे खडीवरून जाते? ट्रेलर दिवसभर थरथरतो. तिथे वाकणारीच टिकते. आणि ती अशी लोंबू द्यायची नाही, जागोजागी आवळायची. वळणावर थोडी सैल. भोकातून जाईल तिथे रबर."

"मग बुवांची काठी?" मुकादमाने विचारलं.

"कुठे मारायची ते त्यांना ठाऊक होतं. तार त्यांनीच बसवली ना."

सगळे बुवांकडे वळले. बुवा पिशवी भरत होते.

नवरा खाली उतरला. बायकोकडे बघायचं टाळत त्याने पाना उचलला.

"बारीक तारांची टाकतो. मग निघू."

"आधी खडीवरून रिकामा फिरवा. मी उभी राहून बघते. उभ्या गाडीत कुठलाही दिवा लागतो."

फिरवला. खड्डा, ब्रेक, लाल. खड्डा, ब्रेक, लाल. तरी तिचं समाधान होईना. अजून एक फेरी.

अशी माणसं चमत्काराची मजा घालवतात, असं म्हणतात. घालवू द्या. दिवा लागला तर का लागला ते विचारा, विझला तर का विझला ते विचारा, आणि कुणी म्हणालं, उघडून बघू नका, तर तिथेच आधी उघडा. मागच्या गाडीत आपलंच माणूस असतं.