उलटी लावलेली पाटी

मी खाडीवरच्या पाइनच्या जंगलातली बाणाची पाटी बोलतेय. जवळ येणाऱ्याचे मी आधी हात बघते, तोंड नंतर. ही खोड मला जन्मापासून नव्हती.

मला टॉर्लाइव्हने घडवलं. निवृत्त सुतार, मितभाषी माणूस. दोन्ही बाजूंनी मी दिसावी म्हणून त्याने दोन्हीकडे लाल रंगात ‘तळ्याकडे’ असं लिहिलं आणि शेजारच्या आर्नुल्फच्या मदतीने दोन स्क्रू मारून मला खांबावर बसवलं. माझ्यापाशी वाट फुटते. उजवीकडची तळ्यापर्यंत जाते, डावीकडची समुद्रावरच्या निसरड्या खडकांवर उतरते.

तळ्याकाठच्या दलदलीत ऑगस्टमध्ये केशरी बेऱ्या पिकतात. त्या कुठे आहेत हे इथे सख्खा भाऊ भावाला सांगत नाही. आर्नुल्फला तर उन्हाळ्यात शहरातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या पाठपिशवीत बेऱ्यांचा डबा दिसायचा. एका सकाळी तो एकटा आला. त्याने गंजलेल्या स्क्रूंवर तेल सोडलं, मला काढलं, पालथी केली आणि परत बसवली. माझा बाण समुद्राकडे झाला.

दुपारी धुकं उतरलं. टॉर्लाइव्हची बायको राग्नफ्रिड एकटीच आली. तिचे पाय सवयीने उजवीकडे वळलेही होते. पण मला वाचून ती थबकली. नवऱ्याच्या हातची अक्षरं! तिने स्वतःच्या पायांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. संध्याकाळी शोधपथकाच्या कुत्र्याला ती खडकांच्या फटीत सापडली, मांडीचं हाड मोडलेलं.

संशय गेला उन्हाळी पाहुण्यांवर. सगळ्यात मोठा आवाज आर्नुल्फचा. “शहरातली माणसं. त्यांना मस्करी सुचते.”

चार दिवसांनी टॉर्लाइव्ह त्याला घेऊन माझ्यापाशी आला. बोटाने स्क्रू चोळून त्याने वास घेतला.

“तेल आहे. पाहुणे फिरायला येताना तेल घेऊन येतात होय रे?”

“आजकाल लोक काहीही घेऊन फिरतात.”

“असेल. बरं, सरळ कर हिला. मी स्क्रूड्रायव्हर विसरलो.”

आर्नुल्फचा हात सरळ कोटाच्या खिशात गेला. स्क्रूड्रायव्हर बाहेर आला, आणि हात तसाच हवेत राहिला.

टॉर्लाइव्ह दगडावर बसला, थर्मास उघडला आणि कॉफी ओतली. एकच कप.

आर्नुल्फने विचारलं, “राग्नफ्रिडला सांगशील?”

“मी कशाला सांगू? ती घरीच आहे. कुठे पळून जाण्याजोगी नाही.”

आर्नुल्फने मला सरळ बसवलं आणि खाली गावाकडे चालू लागला. तो तिच्या दारापर्यंत गेला की नाही, हे मला वर्षभर कळलं नाही.

आता माझा रंग उडालाय, कडेला शेवाळ चढलंय. येणारे मला वाचतात आणि लगेच फोन काढून नकाशा ताडून बघतात. बघू देत. तुम्हीही बघा. फक्त मला हात लावू नका, एवढंच मागणं.

गेल्या आठवड्यात राग्नफ्रिड काठी टेकत आली. मागून आर्नुल्फ, दोघांचे बेऱ्यांचे डबे उचलून. तिने मला निरखून वाचलं, मग होकायंत्र पाहिलं, मग काठीने त्याला उजवीकडची वाट दाखवली.

“तू पुढे हो,” ती म्हणाली. “मला डोळ्यांसमोर दिसत राहा.”

डबे सावरत तो पुढे झाला.