उसाकडे तोंड करून बसलेला टीव्ही

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. काळा-पांढरा, लाकडी पेटीतला, पुढे सरकत्या दाराचा. पिंपरी पेंढारच्या एका मळ्यातल्या घरात, माळ्यावर कांद्याच्या रिकाम्या पोत्यांमागे माझा मुक्काम असतो. उंदीर अंगावरून जातात, त्याचं मला काही वाटत नाही. पण दिवस मावळताना लाईट गेली की आजही माझ्या पोटातल्या तारा आकसतात. असं का होतं, तेच सांगायला बसलो आहे.

मला घडवलं कुठल्याशा कारखान्यात, पण घर मिळवून दिलं ते ओतूरच्या पोपटलाल शेटजींनी. साल त्र्याण्णव असेल. त्यांच्या भांड्यांच्या दुकानात कळशा आणि पातेल्यांच्या मध्ये मी बसलो होतो. धर्माजी आणि त्यांची बायको सारजाबाई मला बघायला आले. सारजाबाईंनी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "शेटजी, बैल घेताना आमी दात बघतो. ह्याचं काय बघायचं?"

"ह्याचं तोंडच तर बघायचंय आता जन्मभर, वहिनी," शेटजी म्हणाले.

त्या घरात माझं स्वागत नव्या सुनेसारखं झालं. हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. रविवारी संध्याकाळी पिक्चर लागला की सगळी वस्ती अंगणात लोटायची. शेजारचे गेणभाऊ छपरावर चढून अँटिना फिरवायचे आणि वरून ओरडायचे, "आलं का?" खालून पोरं सांगायची, "आलं, आलं, गेलं." त्या दिवसांत माझा रुबाब पाटलालाही नसेल.

सगळे टक लावून बघायचे, एकट्या सारजाबाई सोडून. त्यांनी एकही पिक्चर धड बसून बघितला नाही. पिठाच्या हातानं दारात यायच्या, घटकाभर बघायच्या, आपलं मत द्यायच्या आणि चुलीकडे परत जायच्या. मला त्या मतांचा राग यायचा. मेहनत माझी आणि नावं ठेवायला ह्या.

बर्फातलं गाणं लागलं की म्हणायच्या, "त्याला कोट आन् तिला नुसती पातळ साडी. ह्यो कसला जीव लावतोय?" मारामारीच्या पिक्चरला म्हणायच्या, "धा जणांना लोळवलं आन् भांग इस्कटला न्हाई." देवाच्या पिक्चरला हात जोडायच्या, पण जोडल्या हातानंच बोलायच्या, "देव आला की लगीच उजेड. आमच्याकडं वायरमन आला तरी पडत न्हाई." रडक्या पिक्चरमधल्या सासूचं मात्र त्यांना पटायचं.

एकदा भुताचा पिक्चर लागला होता. दार करकरलं, वाजंत्री घुमली, पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. सारजाबाई म्हणाल्या, "येवढं वाजवत येतंय त्याला काय भ्यायचं? जे गप येतं त्याला भ्यावं." मी मनात म्हटलं, बाईला पिक्चर कळत नाही.

पुढे कॅनॉलला पाणी खेळलं, घरापर्यंत ऊस आला आणि उसातून ते आलं. बिबट्या. पण दिवेलागणीला त्याचं नाव कोणी घेत नसे, नुसतं जनावर म्हणायचे. आधी वस्तीवरची कुत्री कमी झाली. मग शेळ्या गेल्या. मग पिंपळवंडीकडच्या एका वस्तीवरून एका लहान मुलाची बातमी आली, आणि ती ऐकून सारजाबाईंनी तव्यावरची भाकरी तशीच करपू दिली. त्यानंतर संध्याकाळी अंगण ओस पडायचं. परसाकडं जायचं तरी दोघं-तिघं मिळून, काठी आपटत.

वनखात्याची माणसं सांगून गेली, की वाकू नका, पळू नका, ताठ उभं राहा, मोठ्यानं बोलत राहा, जमलं तर रेडिओ लावून ठेवा. धर्माजींकडे रेडिओ नव्हता, मी होतो. तोवर घरात रंगीत टीव्ही आला होताच. त्यांनी मला उचललं आणि गोठ्याच्या ओट्यावर उसाकडे तोंड करून बसवलं. आवाज पार वर नेला. "ह्यो चालूय तवर जनावर येत न्हाई," असं ते साऱ्यांना सांगायचे.

मित्रांनो, आयुष्यभर मी माणसांची तोंडं बघितली होती. आता समोर नुसता ऊस. संध्याकाळभर मी ओरडायचो आणि त्या काळ्या पातीकडे बघायचो. मी कोणाला घाबरवत होतो कोण जाणे, मीच थरथरत होतो. आणि रोज रोज तोच गोंगाट ऐकून उसातलं जे कोणी होतं, ते मला सरावलं असेल, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

धर्माजींची नात हर्षाली तेव्हा पाच वर्षांची. आईबाप चाकणला कंपनीत, पोर आजीआजोबांकडे. घरातल्या रंगीत टीव्हीवर आजोबांच्या बातम्या, म्हणून ती पोतं अंथरून माझ्यासमोर बसायची. एरवी तिला अंगणात कोणी एकटं सोडलं नसतं. पण मी बोलत असायचो ना, त्यामुळे सगळे निर्धास्त.

त्या संध्याकाळी धर्माजी गाडीवरून डेअरीला दूध घालायला गेले होते. सारजाबाई चुलीपाशी. मी पोलिसाचा पिक्चर दाखवत होतो आणि ऐन मारामारीत लाईट गेली. मी गप्प झालो.

लाईट गेली म्हणून आमच्याकडे कोणी उठत नाही. "येईल आत्ता," म्हणून जागच्या जागी बसून राहतात. हर्षालीही बसून राहिली, माझ्या काळ्या काचेकडे बघत. तिचं तोंड माझ्याकडे आणि माझं उसाकडे. तिच्या पाठीमागे काय होतं, ते फक्त मला दिसत होतं.

वारा नव्हता, तरी पात हलली. जमिनीसरसं काहीतरी बांधावर आलं आणि बसलं. ना वाजंत्री, ना करकर. मला ओरडायचं होतं. इतकी वर्षं नको तेव्हा ओरडलो आणि त्या क्षणी माझ्यात एक अक्षर नव्हतं.

सारजाबाई बाहेर आल्या त्या शांततेमुळे. त्यांनी आधी गोठ्यात उरलेल्या शेळ्या बघितल्या. सगळ्यांचं रवंथ थांबलेलं, सगळ्यांचे कान एकीकडे. मग त्यांनी बांधाकडे बघितलं. त्यांनी दाराची चौकट धरली, सोडली, आणि ताठ उभ्या राहून मोठ्यानं बोलायला लागल्या.

"कसला ह्यो पोलीस. धा जणांना मारलं आन् डोक्यावरची टोपी हलली न्हाई. हर्षाले, उभी ऱ्हा. माझ्याकडं बघ, मागं बघू नगं. सांग मला, टोपी हलली का?"

"नाय," हर्षाली म्हणाली आणि उठली.

"आन् त्यो बर्फातला. सोताला कोट, तिला न्हाई. असला जावई नगं आपल्याला." एकेक पाऊल टाकत त्या पुढे येत होत्या. आवाज कापत होता, पण खाली येत नव्हता. "आन् ते भूत. वाजवत येतंय म्हणं. भूत हाय का बँडवाला?"

हर्षाली हसली. मागे ते बांधावरून खाली उतरलं होतं.

सारजाबाईंनी पोरीला न वाकता हात देऊन वर ओढलं आणि कडेवर घेतलं. मग उसाकडे तोंड ठेवून, उलट्या पावली, दहा वर्षांची सगळी मतं पुन्हा सांगत दारापर्यंत गेल्या. कडी लागली. आत त्यांचा आवाज एकदम बंद पडला आणि मग त्यांचंच रडणं ऐकू आलं.

बाहेर राहिलो मी. ते पोत्यापाशी आलं, पोतं हुंगलं, मग माझ्या काचेत बघितलं. तिथे त्याला स्वतःचंच तोंड दिसलं असेल. तेवढ्यात रस्त्यावर धर्माजींच्या गाडीचा उजेड वळला आणि ते उसात शिरलं. माझ्या आवाजानं ते येत नाही असं धर्माजी म्हणायचे. माझा आवाज थांबला म्हणून ते आलं का, हे मला आजतागायत उमगलं नाही.

सकाळी धर्माजींनी पोत्याभोवतीचे ठसे बघितले. "टीव्ही चालू व्हता, म्हणून मी बिनघोर गेलो," ते म्हणाले.

"टीव्ही बोलत व्हता," सारजाबाई म्हणाल्या, "राखण करत नव्हता."

त्याच दिवशी मला माळ्यावर चढवलं. त्यानंतर संध्याकाळी सारजाबाई दार लावून हर्षालीला मांडीवर घ्यायच्या आणि पिक्चरच्या गोष्टी सांगायच्या. एकीचं डोकं दुसरीला जोडलेलं, पण पोर पोट धरून हसायची. मला वरून ऐकू यायचं.

मित्रांनो, माझी धूळ पुसा असं मी म्हणत नाही. माझे रंगीत धाकटे भाऊ तुमच्या घरोघरी असतील. ते बोलत आहेत म्हणजे लेकराजवळ कोणीतरी आहे, असं तेवढं समजू नका. त्या संध्याकाळी मी हर्षालीच्या अगदी समोर होतो. मला सगळं दिसत होतं, आणि मी गप्प होतो.