खणलेले चर मीच बुजवले

मित्रांनो, उभ्या आयुष्यात मी एकच दलदल पाहिली. एकदा तिला मरताना आणि एकदा परत येताना. एस्टोनियाच्या पूर्व सीमेजवळचा मी एक जुना पोकलेन आहे.

मऊ जमिनीत रुतू नये म्हणून मला मुद्दाम रुंद पट्टे दिले होते. माझा चालक उर्मास तेव्हा बावीस वर्षांचा होता. आम्ही दोघांनी दलदलीतून सात लांब चर खणले. पाणी नदीकडे निघून गेले. कुजलेल्या शेवाळाची, वाळल्यावर लाकडासारखी जळणारी काळी माती उघडी पडली, तिच्या विटा कापून लोकांनी चुली पेटवल्या. सातव्या चराकाठी गवत माजले आणि उर्मासची थोरली बहीण हेल्यू तिथे गाई चारू लागली. गावाने माझ्या लोखंडी हाताला फुले बांधली. मला वाटले, ही जमीन मीच घडवली!

पुढे नवी यंत्रे आली आणि मी गोठ्यामागे गंजत पडलो. एका उन्हाळ्यात सुकलेली माती आतल्या आत पेटली. तीन आठवडे जमिनीतून धूर येत होता. मी नुसता पाहत राहिलो.

मग एका सकाळी उर्मासच्या दारात दोन माणसे आली. मारेत ही दलदलींचा अभ्यास करणारी बाई, तर तारवो हा सैन्यातला कॅप्टन.

"सुकलेल्या दलदली पुन्हा भिजवायच्या असं युरोपात ठरलंय," मारेत म्हणाली. "या मातीत हजारो वर्षांचा कार्बन आहे. माती सुकली की तो हवेत जातो."

"मला हवेतलं काही कळत नाही, बाई," कॅप्टन म्हणाला. "सीमा वीस किलोमीटरवर आहे. ओल्या दलदलीतून शत्रूचा रणगाडा येत नाही, एवढं कळतं."

दोघांनी आपापले नकाशे गवतावर पसरले. दोन्हींवर त्याच सात रेघा.

"तुम्हाला शेवाळ हवंय, मला चिखल," कॅप्टन हसला.

"मग भांडायचं कशाला? दोन्ही एकाच पाण्यात होतं."

नवी जड यंत्रे तिथे रुतली असती. म्हणून माझा गंज काढला, तेलपाणी केले. दोन वर्षांत आम्ही सहा चर बुजवले. सातव्यापाशी हेल्यू माझ्यासमोर उभी राहिली.

"मागे घे, उर्मास! माझ्या अकरा गाई या गवतावर जगतात. तूच म्हणालास ना, 'ताई, तुझं गवत आता कधी बुडणार नाही'?"

"म्हणालो होतो, ताई." उर्मासने मला बंद केले.

"मावशी, हा एक कोरडा पट्टा राहिला तर तोच शत्रूच्या रणगाड्यांचा रस्ता होईल," कॅप्टन म्हणाला.

"चिखल रणगाडा अडवतो होय रे? दाखव मला!"

कॅप्टनने खरेच दाखवले. पुढच्या आठवड्यात मोडीतला एक रणगाडा, आत माणूस न बसवता, दुरून चालवत भिजलेल्या भागात सोडला.

"तेल गळलं तर माझ्याशी गाठ आहे!" मारेत ओरडली.

रणगाडा माझ्या दुप्पट जड होता. तीसएक पावले तो ऐटीत गेला. मग आसपासचे सारे शेवाळ घोंगडी हलावी तसे हलले. नाक खाली गेले, पट्टे काळे पाणी उडवत जागच्या जागी फिरले आणि इंजिन गुदमरले. वर फक्त तोफेची नळी आणि झाकण. त्याला बाहेर काढायला तीन दिवस लागले. मित्रांनो, ही जमीन मी घडवली म्हणत होतो! तिच्यापुढे मला माझा हात काडीएवढा वाटला.

हेल्यू उर्मासकडे वळली.

"युद्धात आई इथेच लपली होती," ती म्हणाली. "शोधणारे सैनिक काठावरून परत गेले. दलदल ओली होती म्हणून आपण दोघं जन्मलो, उर्मास. गाई वरच्या माळावर नेते. निम्म्याच जगतील तिथे. पण मला वर घे, पहिली माती मी टाकणार."

तिने माझा दांडा धरला. तिने तो पुढे ढकलला, माझा हात वळला. माती चरात पडली.

पाणी रोज बोटभर चढत गेले. आता मी काठावर उभा असतो आणि ती लालसर, ओली, अफाट जमीन पाहून दिपून जातो. माझ्या सांध्यांना वंगण घालत जा, एवढेच माझ्यासाठी मागतो. पण तिच्यासाठी जास्त मागायचे आहे. आम्ही तिला दोन उन्हाळ्यांत सुकवले. जळून गेलेली माती पुन्हा साठायला हजारो वर्षे लागतील, असे मारेत म्हणते. तितकी वर्षे कुणीतरी हे पाणी राखायला हवे. मी तोवर उरणार नाही. मित्रांनो, तुम्ही राखा, आणि तुमच्यामागून येणाऱ्यांना राखायला सांगा.