जंगलवीराची पकड

लग्नाला पाच महिने झाले तरी सासरे सुनेशी थेट बोलत नव्हते. राग नव्हता, नावडही नव्हती. घरात पंधरा वर्षं बाईमाणूस नव्हतं, त्यामुळे सुनेला तू म्हणावं की तुम्ही, इथेच त्यांची गाडी अडली होती. मुलगा घरात असला की, "तिला म्हणावं, चहा छान झालाय." नसला की भिंतीकडे बघून, "कुणीतरी पंखा बंद केला तर बरं होईल." सून पंखा बंद करायची आणि मनाशी म्हणायची, या माणसाच्या तोंडून एकदा तरी 'अगं' ऐकल्याशिवाय मी काही राहत नाही.

ती चित्रकार होती. त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत एका स्पर्धेला चित्र पाठवायचं होतं: जुन्या पुस्तकांतला जंगलवीर विरुद्ध हल्लीचा वीजमानव. ती वीजमानवाची भक्त, तेव्हा निकाल आधीच लागलेला. वीजमानव ढगांतून झेपावतोय, मुठींतून विजा सुटताहेत आणि बिचारा जंगलवीर वेलीला लटकून आपल्याच हाताकडे बघत गयावया करतोय.

दुपारी सासरे पाणी प्यायला उठले आणि पेला हातात घेऊन तिच्या खुर्चीमागे थबकले.

"हे ज्याने कुणी काढलंय," ते खिडकीला म्हणाले, "तो जन्मात कधी दोराला लटकलेला नाही."

सासऱ्यांची अख्खी हयात दोराला बांधलेल्या फळीवर बसून उंच इमारती बाहेरून रंगवण्यात गेली होती. त्यातून लहानपणी त्यांनी जंगलवीराची पुस्तकं वाचून वाचून फाडली होती. हे सगळं तिला नवऱ्याकडूनच कळलेलं.

"खिडकी विचारतेय," सून मान न वळवता म्हणाली, "चुकलंय काय?"

सासरे जरा गडबडले. मग त्यांनी इमानेइतबारे खिडकीलाच समजावलं. अंगठा बोटांवर चढवायचा, नाहीतर पकड सुटते. आणि धरलेल्या हाताकडे बघायचंच नाही, बघितलं की भीती वाटते. पुढचा पाय कुठे टेकणार, तिकडे नजर हवी.

"वीजमानवाला असली कटकट नाही," सून म्हणाली. "तो उडतो."

"कबुतरंही उडतात," सासरे खिडकीला म्हणाले. "पडायची भीतीच नाही, तर मग मर्दुमकी कसली?"

तिला हसू आवरेना. तिने चित्रातल्या जंगलवीराची नजर बदलली, पण मूठ काही जमेना. तीनदा काढली, तीनदा पुसली. पाच वाजून गेले.

"खिडकीला हात असते तर तिने दाखवलं तरी असतं," ती वैतागून म्हणाली.

सासऱ्यांनी पेला खाली ठेवला. पलंगावरची चादर ओढली, एका टोकाला गाठ मारली, गाठ दारावरून पलीकडे टाकली आणि दार घट्ट लावून घेतलं. तिला काही कळायच्या आत अडुसष्ट वर्षांचा तो गृहस्थ एका हाताने चादरीला लटकला होता, पाय अधांतरी.

"बाबा! अहो, पडाल! उतरा आधी!"

"अगं, तोंडाकडे काय बघतेस माझ्या, हात काढ हात! किती वेळ लटकू मी?"

तिला इतका आनंद झाला की डोळेच भरून आले. पण तिने चकार शब्द काढला नाही, न जाणो, लक्षात आलं तर परत खिडकी सुरू व्हायची. तिने मुकाट्याने हात काढला. अंगठा बोटांवर चढला. जंगलवीर जिंकला नाही, पण वीज अंगावर येत असतानाही त्याची नजर पुढच्या फांदीवर होती. सहाला दहा मिनिटं असताना चित्र गेलं.

नवरा कामावरून आला, तर खोलीच्या बंद दारावर चादरीची भलीमोठी गाठ लोंबत होती. दार ढकलून तो आत आला. वडील खांद्याला मलम चोळत होते.

"बाबा, हे काय चाललंय?"

सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अगं," ते सुनेला म्हणाले, "त्याला म्हणावं, आज चहा त्याने टाकावा. आपण दमलोय."