माझ्या भिंतीतलं भोक कोणी बुजवलं?

मित्रांनो, मी गॅसवर चालणारा एक जुना बॉयलर आहे. इंग्लंडमधल्या हल शहरातल्या एका विटांच्या घरात, स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी टांगलेला आहे. समुद्रावरचं वारं बाहेर घोंघावतं, तेव्हा मी पाणी तापवून खोल्याखोल्यांतल्या ऊब देणाऱ्या रेडिएटरांत पाठवतो. आज मात्र मी रागावलेलो आहे, आणि राग गिळून मला बोलता येणार नाही.

घरमालक आर्नल्ड असेपर्यंत माझे लाड होते. मी गुडगुडलो की तो म्हणायचा, "हवा अडकली वाटतं!" आणि छोट्या किल्लीने रेडिएटरातली हवा सोडायचा. किटलीसारखा घरघरलो की आत साचलेला क्षार काढून घ्यायचा. लाकडी चमच्याचं एक टोक माझ्या अंगाला आणि दुसरं स्वतःच्या कानाला लावून तो माझं ऐकायचा.

आर्नल्ड गेला. त्याची बायको विनिफ्रेड एकटी राहिली आणि देखभाल जावयाकडे, क्लाइव्हकडे आली. म्हणजे कुणाकडेच नाही.

या हिवाळ्यात मी पेटताना 'धप्प!' असा आवाज करू लागलो. मी ओरडून सांगत होतो!

"आई, तुमचा म्हातारा पुन्हा खोकतोय," रविवारी जेवायला येणारा क्लाइव्ह हसायचा आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा.

विनिफ्रेडचं डोकं दुखायचं, तिला मळमळायचं. मैत्रिणीकडे गेली की बरी व्हायची, घरी आली की पुन्हा तेच.

एका रविवारी, जेवणाची ताटं वाढलेली असताना, मी पुन्हा 'धप्प!' केलं. विनिफ्रेडने लाकडी चमचा कानाला लावला. मग माझ्या काचेतून आत पाहिलं.

"क्लाइव्ह, ज्योत पिवळी का रे? निळी असायची. याला हवा मिळते ना?"

"त्या भिंतीतल्या हवेच्या भोकातून गार वारं यायचं, आई. मी माझ्या रग्बी संघाचा मफलर कोंबलाय तिथे. तुमच्यासाठीच!"

"माझ्यासाठी? अरे गाढवा, हवेशिवाय गॅस अर्धवट जळतो आणि विषारी वायू होतो, तोच कोंडलाय घरात! त्याला वास नसतो, रंग नसतो. हो बाहेर आधी!"

तिने मला बंद केलं, दारं-खिडक्या उघडल्या आणि दोघं अंगणात गेली. रविवारचं जेवण त्या दिवशी कोट घालून, उभ्यानेच झालं.

दुसऱ्या दिवशी गॅसचा कारागीर आला. त्याने काजळी खरवडली, भोक मोकळं केलं, सगळं तपासलं. माझी ज्योत पुन्हा निळी झाली.

क्लाइव्हने मफलर परत मागितला. "मिळणार नाही," विनिफ्रेड म्हणाली. तिने तो माझ्याखालच्या खिळ्याला अडकवला. "चहा करायला आलास की दिसू दे तुला."

मित्रांनो, आमचा आवाज बदलला तर टीव्ही मोठा करू नका. आम्हाला काय होतंय ते जाणकाराला विचारा. आमच्या हवेची वाट कधी बुजवू नका. मला म्हातारा म्हटल्याचा राग नाही. जिला मी इतकी वर्षं ऊब दिली, तिचा जीव माझ्याच हातून जाणार होता. त्याचा राग आहे.