वस्तीचा विस्तव

वर्षाराणीने मोबाइल उसाच्या वाढ्यांच्या पेंढीला टेकवला, कलतोय म्हणून पुन्हा सरळ केला आणि मान हलवली. समोर बसलेल्या वत्सलाबाईने पदर खोचला आणि थेट त्या काचेत पाहिलं.

"नाव सांगा मावशी, गाव सांगा. मग काय झालं ते."

"झालं काय, जाळलं. आजून काय व्हायचं ऱ्हायलंय?"

वर्षाराणी बीडच्या कोर्टात वकिली करायची. इथल्या सगळ्या कचेऱ्यांच्या उंबऱ्यावर डोकं आपटून झालं, तेव्हा तिने थेट युनोकडे, जिनिव्हाला अर्ज धाडला होता. दसऱ्यानंतर गायरानाच्या भांडणावरून गावातली माणसं तोंडाला गमछे बांधून आली आणि गावाबाहेरची, ओढ्यावरची वस्ती पेटवून गेली. घरं गेली, कागद गेले. वत्सलाबाईचा नवरा धुळाजी दुखणाईत, खाटेवर पडून होता. त्याला बाहेर काढेपर्यंत धुराने त्याचा जीव घेतला. उरलेली सगळी माणसं तेलगावच्या अलीकडे, कालव्याच्या भरावावर पाचटाच्या कोप्या घालून राहिली होती. इथून आपल्या गावातला पिंपळ दिसायचा. रोज दिसायचा, आणि रोज वत्सलाबाई दातओठ खायची.

आता जिनिव्हाहून उलटा प्रश्न आला होता. गाव म्हणत होतं की अशी काही वस्ती नव्हतीच. ऊसतोडीची टोळी ती, हंगामाला आली, हंगामाला गेली. कोप्या बघून कुणालाही ते पटलं असतं. कारखान्याच्या वाटेवर अशा कोप्या जागोजागी होत्या. आणि वस्तीतली निम्मी माणसं दरसाल ऊस तोडायला जायची, हेही खोटं नव्हतं. खोटं बोलावं तर असं, खऱ्याच्या पोटात घालून!

"तुम्ही तिथलेच, हे दाखवायला काहीतरी लागेल," वर्षाराणी म्हणाली. "मग तिकडून माणसं येतील, मदत येईल."

"मदत कुणाला पायजे बाई? मला त्यांची तोंडं काळी झालेली बघायचीत. तेवढं लिवा."

तेवढ्यात भरावाखाली जीप थांबली. गावचा मानकरी बबनराव उतरला. त्याने जोडे जीपमध्येच ठेवले आणि हातात मातीचं खापर धरून तो अनवाणी चढण चढू लागला.

"आलं बघ, तोंड घिऊन," छबुबाई पुटपुटली. ती वत्सलाबाईची शेजारीण. वस्तीतही शेजारीण, इथेही.

आज होळी होती. वर्षाराणीला काही कळलं नाही, पण भरावावरच्या प्रत्येक बाईला ते खापर ठाऊक होतं. दर होळीला बबनरावच्या घरचा माणूस असाच अनवाणी वस्तीवर यायचा. धुळाजी वस्तीच्या होळीतला निखारा त्याच्या खापरात घालायचा, आणि त्या विस्तवावर गावाची होळी पेटायची. वर्षभर वस्तीचं पाणी न चालणाऱ्या गावाला त्या दिवशी वस्तीची आग चालायची.

बबनराव समोर येऊन उभा राहिला. त्याच्या पायाला पाचटाचे तुकडे चिकटले होते.

"वत्सले, सणाचा दिस हाय. जास्ती बोलत न्हाई. विस्तव दे."

दरसालची वत्सलाबाई 'या मालक' म्हणायची. आज ती जागची हलली नाही.

"बसा, बबनराव."

नुसतं नाव ऐकून त्याचा चेहरा उतरला. मग त्याला मोबाइल दिसला.

"ते यंत्र बंद कर आधी."

"न्हाई व्हायचं बंद. मागायचं तर त्याच्यापुढं मागा. न्हाईतर वाट मोकळी हाय."

तो वळला. दोन पावलं गेलाही. पण गावात लाळखुरकूत आली होती, गोठे रिकामे होत चालले होते, आणि वस्तीचा तळतळाट लागला असं गावातल्याच बाया बोलत होत्या. पेटवायला गेलेल्यांत त्याचा पोरगा युवराज होता, हेही त्या बोलत असाव्यात. बबनराव परत फिरला आणि उकिडवा बसला.

"विस्तव दे," तो मोबाइलकडे न बघता म्हणाला.

"कावून? गावात चुली न्हाईत का?"

"चुलीचा चालत न्हाई, तुला ठावं हाय. वस्तीवरची होळी आधी पेटती. तितला विस्तव नेल्याबिगर गावाची होळी पेटवत न्हाईत."

"कवापासनं?"

"आता काय सांगू? माझा आजा न्यायचा. त्याचा बाप न्यायचा. तुझा आजेसासरा द्यायचा म्हणत्यात."

"म्हंजी वस्ती तवापासनं हाय."

बबनरावने खापर या हातातून त्या हातात घेतलं. वर्षाराणी मोबाइलकडे बघत होती. चित्रणाचे आकडे पळत होते. गेलेला शब्द काही तोंडात परत येत नाही.

"दे आता," तो हळूच म्हणाला.

कोपीपुढच्या चुलीत निखारे चांगले फुलले होते. वत्सलाबाईने चिमट्याने एक उचलला, खापरापर्यंत नेला, आणि परत चुलीत टाकला.

"ह्यो तर भरावावरचा विस्तव. तुमाला वस्तीवरचा पायजे. आताच बोललात."

"वस्ती कुठं ऱ्हायली आता?"

"तेच तर. कुठं ऱ्हायली?"

"मंग गावानं करायचं काय?"

"काडीपेटी हाय की तुमच्यात. वापरून बी झालीय."

छबुबाई फिसकन हसली. बबनरावने खापर खाली ठेवलं.

"वत्सलाबाई," तो म्हणाला. 'बाई' त्याच्या तोंडून तिने जन्मात पहिल्यांदा ऐकलं. "गुरं मरायला लागलीत. मुक्या जनावरांनी काय केलंय?"

"मरू द्या. धुळाजी मेला तवा गाव जेवलं न्हवतं का?"

तो रिकामं खापर घेऊन भराव उतरला. खडे टोचत होते, पण त्याने जीपमध्ये बसूनही जोडे घातले नाहीत. वत्सलाबाईला बरं वाटलं. उन्हातून येऊन थंडगार पाणी प्यावं तसं बरं वाटलं, आणि तिला त्याची तसूभरही लाज वाटली नाही.

"मावशी, याहून मोठा पुरावा नाही," वर्षाराणी म्हणाली. "आजच पाठवते."

दिवस मावळायला आला तशी छबुबाईने गोवऱ्या रचायला घेतल्या. लेकरं बोंबा मारायला हात तोंडाशी नेऊन तयार होती. वत्सलाबाई गेली आणि रचलेल्या गोवऱ्या तिने पायाने पसरून टाकल्या.

"आगं, सण हाय!"

"हितं होळी पेटली की आपुन हितलेच झालो. हितली न्हाई व्हायचं मला."

लेकरांनी हात खाली केले. सगळी भरावाच्या कडेला जाऊन गावाकडे बघत उभी राहिली. पिंपळाखाली दरसाल या वेळेला जाळ उठायचा. आज तिथे काळोख होता, आणि तो बघायला वत्सलाबाई रात्रभर उभी राहिली असती.

मग जाळ दिसला.

"पेटवली की गं मेल्यांनी," छबुबाई म्हणाली. "काडीनंच पेटवली." आणि थोड्या वेळाने, "पर पिंपळाखाली न्हाई ती."

जाळ पिंपळाच्या पार डाव्या हाताला होता, ओढ्याच्या वर. तिकडे आता एकही घर नव्हतं. दसऱ्यानंतर तिकडे कुत्रंसुद्धा फिरकत नसे. ज्याला वस्तीचाच विस्तव हवा होता, त्याने वस्तीच्या राखेवर जाऊन वस्तीची होळी पेटवली होती.

बराच वेळ तो एकटाच जाळ होता. मग पिंपळाखाली दुसरा उठला.

आधी वस्तीची, मग गावाची.

वत्सलाबाईच्या तोंडावर जे आलं त्याला हसू म्हणवत नव्हतं.

"वर्षाताई, ते यंत्र आना."

"मावशी, एवढ्या लांबून यात नुसते दोन ठिपके येतील."

"येऊ द्या. मागल्या बारीला तोंडं बांधून पेटवली व्हती. आता उघड्या तोंडानं पेटवलीय." तिने वर्षाराणीचं मनगट धरलं आणि मोबाइल पिंपळावरून डावीकडे, ओढ्याकडे सरकवला. "ह्यो. ह्यो आमचा. हितं माझं दार व्हतं."