ओलं फडकं

देवानंद सहलीच्या जहाजावर वाढपी आहे, यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता. जहाजावर नोकरी लावून देतो म्हणणारे अन् लागली म्हणून मिरवणारे मी मलकापुरात पुष्कळ पाहिलेत. स्थळाबरोबर आलेल्या फोटोत तो पांढरा कोट घालून झुंबराखाली उभा होता. तसा कोट लग्नाच्या हॉलवरही मिळतो.

वहिनी गेल्यापासून समताला मीच वाढवलं. तिला हा मुलगा पसंत होता अन् तिचा बाप, माझा भाऊ गुलाबराव, माझ्या होकारासाठी थांबला होता. खोटारड्याच्या घरी मी पोरगी देणार नव्हते.

रविवारी तो हिवरा आश्रमाहून एकटाच आला, जयभीम करून बसला. पोहे मुलीनं आणायचे ही रीत. मी म्हटलं, आज मुलगा वाढेल, जहाजावर कसं वाढतात ते आम्हालाही कळू दे. गुलाबरावनं डोळे वटारले. देवानंद मात्र लगेच उठून हात धुवायला गेला.

मी त्याच्यावरची नजर हलवली नाही. स्वयंपाकघरातून तो पाय फाकवून, जमिनीचा अंदाज घेत आला. हा पिऊन आलाय! जवळ आला तसा मी मुद्दाम वास घेतला. साबणाचा आला, पण पिणारे हुशार असतात. त्यानं टीपॉयवर ओलं फडकं अंथरलं, त्यावर बशा मांडल्या आणि चहा ओतला. कप सगळे अर्धेच. आमच्याच घरात आम्हाला अर्धा चहा! भरला असता तर हाताची थरथर दिसली असती, दुसरं काय?

मग मला राहवलं नाही. "चहा अर्धा काऊन? अन् हे फडकं कायले? खरं सांगा, पिऊन आले का?"

समता लालबुंद झाली. देवानंदनं फडक्याकडे पाहिलं. आपण ते अंथरलंय हे त्याला तेव्हाच कळलं असावं.

"सवय लागली, आत्या. समुद्र खवळला का ताटं घसरते, ओल्या फडक्यावर थांबते. कप भरला तर लोकायच्या अंगावर सांडते." तो ओशाळून हसला. "परवाच उतरलो. अजून पायाखाली हालूनच राह्यलं."

थाप मारणाऱ्यानं झुंबराचं वर्णन केलं असतं. ओलं फडकं त्याला सुचलं नसतं. मला मनापासून लाज वाटली.

आम्ही खात होतो अन् तो भिंतीशी, हात मागे बांधून, आमच्या बशांवर लक्ष ठेवून उभा होता. त्याच्यासाठी बशी कोणीच भरली नव्हती, मीही नाही. समता उठली. तिनं फडकं काढलं, टीपॉय कोरडा पुसला, पोह्यांची बशी अन् काठोकाठ भरलेला कप ठेवला.

"बसा आता," ती म्हणाली. "इथं काही हालत नाही."

तो बसला नाही. माझ्याकडे पाहत राहिला.

"बसा, जवाईबापू," मी म्हटलं.